हात बसायला लागलेले तीन महिने

ताई, तुमचं तेरावं काल उरकलं. मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, आचाऱ्याची पातेली घासून परत दिली आणि सासूबाई आज पहिल्यांदाच दुपारच्या आडव्या झाल्या. माझी अजून थोडी रजा शिल्लक आहे, म्हणून स्वयंपाकघरात पाटावर बसून हे लिहितेय. फार दमलेय मी. रडून म्हणावं तर रडायला अजून नीट सवडच मिळालेली नाही. माणसांना चहा देऊन दमलेय, आणि एक शब्द ऐकून दमलेय. जो येतो तो तुम्हाला बिचारी म्हणतो.

बिचारी किती राबायची. बिचारीनं कधी तोंड वर करून शब्द काढला नाही. हे ऐकून तर मला भर बैठकीत हसू फुटायचं तेवढं राहिलं. तोंड वर करून शब्द काढत नव्हतात, तर माझ्याशी इतकी वर्षं वाद कोण घालत होतं? आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे दादांचं वाक्य. तुमच्या नवऱ्याला मी काय बोलणार, डोळे अजून सुजलेले आहेत त्यांचे. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, "एकच राहिलं बघा. तिला गाडी काही आली नाही. तीन महिने क्लास लावला, लायसन पण आलं, पण बिचारीचा हातच बसला नाही."

प्रेमानं सांगत होते, ते कळत होतं. तरी मी ट्रे हातात घेऊन दारात थबकायची आणि ओठ मिटून आत यायची. कारण खरं काय ते ह्या घरात फक्त मला माहीत होतं. सांगावं तर तुम्ही जपलेली गोष्ट चव्हाट्यावर येते. न सांगावं तर तुम्ही ह्या घरात कायमच्या 'गाडी न आलेल्या' होऊन राहता. सगळं सुतक मी ह्या दोन्हींच्या मध्ये लोंबकळत काढलं.

आपला वाद सुरू झाला तो गाडी आली त्या वर्षी. जनावरं आधीच गेली होती, गोठ्याच्या जागी पत्र्याची शेड उभी राहिली आणि तिच्यात ती पांढरी गाडी येऊन बसली. गाडीची किल्ली दादांच्या खिशात. आमच्या ह्यांना चालवता येते, पण थोरल्या भावाच्या खिशात हात घालायची त्यांची छाती नाही. बाया मागच्या सीटवर. चऱ्होलीत आजूबाजूला एवढे टॉवर झाले, त्यांच्यातल्या मुली सुर्रकन गाड्या काढतात आणि आपण दोघी जावा फाट्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या. एका दुपारी तुम्हीच म्हणालात, "मने, आपुन शिकायची का गं?"

दिघीच्या वाटेवर वाघमारे मॅडमचा बायकांसाठीचा क्लास होता. देहूरोडला वाढलेली बाई, वडील तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, आवाजात जरब. त्यांच्याकडे दोन प्रकार. एक रेग्युलर, महिनाभर रोज अर्धा तास. दुसरा फास्ट, दहा दिवसांत सकाळ-संध्याकाळ गाडीत बसवून मोकळं करायचं. मला दुसऱ्याशिवाय इलाज नव्हता. माझ्या नोकरीत आठवड्याला पाळी बदलते. ह्या आठवड्यात पहिली, पुढच्यात दुसरी, मग तिसरी. रोज सकाळी साडेसातला हजर राहायचं कसं? चाकणला गाड्यांची मागणी मंदावली की कंपनी काही दिवस लाइन बंद ठेवते, त्याला आम्ही ब्लॉक क्लोजर म्हणतो. तेवढ्यात ते येणारच होतं. मी रजेचे दिवस जोडले आणि फास्ट कोर्सला नाव घातलं.

तुम्ही रेग्युलर घेतलात. सासूबाई म्हणाल्या, सकाळच्या भाकरी कोण टाकणार? तुम्ही म्हणालात, येऊन टाकते, अर्ध्या तासानं कोणी उपाशी मरत न्हाई. तोंड वर करून म्हणालात, मी तिथं होते.

माझं म्हणणं असं होतं की सलग शिकलं की भीतीला परत यायला वेळच मिळत नाही. सकाळची चूक संध्याकाळपर्यंत पायात ताजी असते. तुमच्या अर्ध्या तासात सीट पुढे-मागे करणं, आरसा बघणं आणि पुढच्या बाईला तिच्या दारातून उचलणं ह्यातच निम्मा वेळ जायचा. उरलेल्यात शिकणार काय? तुम्ही कांदा चिरता चिरता ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "मटकी भिजत घातली म्हंजी दाबली तरी एका दिवसात मोड येत न्हाई. हात बसावा लागतो बाई. बसायचं त्याला वेळ लागतो."

माझे ते दिवस मला आठवतात ते पिंडऱ्यांच्या दुखण्यानं. क्लच, हाफ क्लच, गिअर, ब्रेक. झोपेतही डावा पाय हलायचा. दहाव्या दिवशी मी मोशीपर्यंत गाडी नेऊन परत आणली आणि घरी पेढे वाटले. तुम्ही पेढा खाल्लात आणि म्हणालात, बघू.

बघितलंतच. क्लोजर संपलं, पाळ्या सुरू झाल्या. लर्निंग लायसन काढल्यावर महिना होईपर्यंत ट्रायल देता येत नाही, आणि त्या महिन्याच्या उरलेल्या दिवसांत मी स्टिअरिंगला हातही लावला नाही. तरी पास झाले, कशी ते त्या आरटीओच्या साहेबाला माहीत. मग एका रविवारी दादांनी उदार होऊन किल्ली दिली. घर सगळं अंगणात उभं. मी गाडी रिव्हर्स घेतली, भिंत जवळ यायला लागली, आणि मी शांतपणे बसून राहिले. क्लासच्या गाडीत मॅडमच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. आपण विसरलो की त्या दाबतात. मी त्यांच्या पायाची वाट बघत होते. शेजारच्या सीटवर कोणी नाही हे मला भिंत लागल्यावर कळलं.

दादांनी किल्ली जी खिशात घातली ती घातली. तुम्ही पदर तोंडाला लावून हसत होतात. वर्षभर मला त्यावरून ऐकवलंत. कोणी पाहुणा आला की, "आमच्या मनीला फास्ट येती, फकस्त थांबाया येत न्हाई." मी आजही चाकणला कंपनीच्या बसनंच जाते.

तुमचा महिना संपला, तुम्हीही ट्रायल दिलीत, लायसन पोस्टानं घरी आलं. मला वाटलं, आता तुमच्या नावाचे पेढे. तुम्ही ते पाकीट देवाजवळ ठेवलंत आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणालात, लायसनचं काय, ते सगळ्यांनाच मिळतं, हात अजून बसला न्हाई, अजून एक महिना लावते. दादा म्हणाले, लाव बाई. सासूबाईंनी भाकरीचं पीठ मळता मळता सुस्कारा सोडला. त्या महिन्यानंतर अजून एक. घरात तुमच्या क्लासची चेष्टा सुरू झाली. तुमची सायली, तेव्हा बारावीला होती, स्वतःचा डबा स्वतः भरायची आणि म्हणायची, मम्मी, माझं इंजिनिअरिंग होईल तेव्हा तरी तुझा हात बसेल ना?

आता ते सांगते, जे मी तुम्हालाही कधी सांगितलं नाही.

तिसरी पाळी करून मी सकाळी बसनं परत येत होते. आळंदी मागे टाकून बस दिघीच्या रस्त्याला लागली होती. सगळी बस झोपलेली, मी खिडकीला डोकं टेकून अर्धवट जागी. बाजूनं एक काँक्रीट मिक्सर चालला होता, पाठीवरचा ड्रम गरगर फिरवत. त्याच्या मागून एक छोटी गाडी आली. तिनं इंडिकेटर दिला, जरा थांबली, समोरचा डंपर जाऊ दिला, आणि मग मिक्सरला अशी अलगद ओलांडून गेली की मला वाटलं कोणी मुरलेला ड्रायव्हर असेल. टपावर क्लासचा पिवळा बोर्ड होता. स्टिअरिंगवर तुम्ही होतात. पदर कमरेला खोचलेला, काच पूर्ण खाली, केस सुटलेले. घरात तुमचे केस मी कधी सुटलेले पाहिले नाहीत.

आणि शेजारी वाघमारे मॅडम चक्क मांडी घालून बसल्या होत्या. हातात वडापावचा कागद. दोन्ही पाय सीटवर. दुसऱ्या ब्रेकजवळ कोणाचाच पाय नव्हता. मला एवढं बघून पुरलं. ज्या बाईनं माझ्या दहाही दिवसांत एकदाही पाय वर घेतला नव्हता, ती तुमच्या शेजारी मांडी घालून खात होती.

गाडी तुम्हाला घरी सोडायला चऱ्होली फाट्याला वळेल असं मला वाटलं. वळली नाही. सरळ गेली, दिघीकडे. तुमचा हात कधीचा बसला होता, ताई.

त्या दिवशी दुपारी मी झोपून उठले तेव्हा तुम्ही नेहमीसारख्या भांडी लावत होतात. मी विचारलं, कसा झाला क्लास? तुम्ही म्हणालात, कसला गं, आज चढावर बंद पडली दोनदा. माझ्या डोळ्याला डोळा न देता म्हणालात. तुम्हाला खोटं बोलता येत नव्हतं, गाडी तेवढी नीट शिकला होतात. मी तुमच्याबरोबर भांडी लावायला लागले. रात्रीच्या जेवणाला सगळे असताना मात्र मुद्दाम विषय काढला. म्हटलं, हे रेग्युलरचं असंच असतं, अर्ध्या तासात काय होतं, ताईंना अजून महिना तरी लागणार. सासूबाई चिडल्या माझ्यावर. म्हणाल्या, "तुजं तू बघ. भित पाडली तू. शिकू दे तिला सावकास."

झालं. पुढच्या महिन्याला घरातून कोणी काही म्हणालं नाही. तुम्ही माझ्याकडे एकदाच बघितलंत, आमटी वाढताना. मग वाटीभर जास्त वाढलीत. तुम्हाला कळलं होतं का की मला कळलंय? हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्हाला ते सोडावं लागलं असतं, अशी माझी समजूत होती. म्हणून मी वाद चालू ठेवला. दहा दिवस चांगले की महिना, ह्यावर आपण दोघी एवढ्या तावातावानं भांडायचो की घरातल्या कोणाला तिसरा प्रश्न सुचायचाच नाही.

एकदा तुम्ही दादांकडे किल्ली मागितली होती, तेही मला आठवतं. ते म्हणाले, "कुठं जायचंय सांग ना, मी सोडतो." वाईट माणूस नाहीत ते. खरंच सोडलं असतं, कुठंही, भर पावसात, जेवणावरून उठून. ह्याच्यावर बाईनं काय बोलावं? तुम्ही म्हणालात, कुठं न्हाई, असंच. मी तेव्हा मनात म्हटलं, दहा दिवसांचा करा नाहीतर महिन्याचा, शेवटी किल्ली हातात मिळाली तर उपयोग. आपल्या एवढ्या वर्षांच्या वादाचा निकाल मला तेवढाच दिसत होता. बाकी सगळी तुमची नि माझी तोंडाची वाफ.

चौथा महिना तुम्ही लावला नाहीत. सासूबाईंचा गुडघा गेला आणि सकाळ पुन्हा भाकरीची झाली. नंतर तुम्ही क्लासचं नावही काढलं नाही. मी कधी डिवचलं तर मटकीचं वाक्य टाकायचात, पण त्यात पहिला जोर नव्हता.

आणि मग तो दिवस. तुम्ही ओट्याशी उभ्या उभ्या खाली बसलात आणि डोकं धरलंत. दादा कामाच्या साइटवर, हे पाळीवर. शेडमध्ये दादांनी गाडी ठेवलेली, किल्ली खुंटीला, त्या दिवशी नेमकी खुंटीला. घरात सासूबाई, मी, आणि गाडी नीट चालवता येणारी एकच बाई, ती जमिनीवर. अँब्युलन्स लवकर आली. डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव एवढा मोठा होता की दारात हॉस्पिटल असतं तरी काही झालं नसतं. हे मी रोज स्वतःला सांगते आणि ते खरंही आहे. आमटी जास्त वाढणारं आता कोणी नाही, हेही तितकंच खरं आहे.

काल सगळे पाहुणे गेल्यावर घरातलेच बसलो होतो. सायलीला चाकणच्या कंपनीत नोकरी लागलीय हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच साखर वाटली होतीत. महिनाअखेर रुजू व्हायचंय. दादा म्हणाले, आता हिला गाडी शिकवून टाकू. मी जन्मभर कोणाला सोडायला पुरणार नाही. मग म्हणाले, तो दहा दिवसांचाच लावू. "मम्मीसारखं तीन-तीन महिने नको. तिला शेवटपर्यंत आली नाही."

सायली खाली मान घालून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की तिनंही हे खरं धरलंय, की आपली आई मंद होती, आपण तिला हसायचो, आणि ती हसून घ्यायची. उद्या ही पोरगी लायसन काढेल आणि मनात म्हणेल, मम्मीला जमलं नाही ते मला जमलं. ते मला बघवेना. तुमचं गुपित तुमच्याबरोबर गेलं, ताई, पण ही इथं राहणार आहे.

मी म्हटलं, "दादा, ताईंना गाडी येत होती."

मी सगळं सांगितलं. मिक्सर, इंडिकेटर, मॅडमची मांडी, सगळं. म्हटलं, पहिल्या महिन्यातच हात बसला होता. पुढचे दोन महिने त्या शिकत नव्हत्या, त्या गाडी चालवत होत्या. सासूबाई पदराला डोळे पुसत म्हणाल्या, "मला वाटायचंच. शिकून आल्यावानी दमून नव्हती येत ती." आता बोला. मी समजत होते की घरात हे फक्त मलाच माहीत आहे.

सायली उठून आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, काकी, मी महिन्याचा लावते, सकाळचा. मी म्हटलं, तुझी जनरल शिफ्ट आहे, वेळ बसेल, लाव. फास्टची बाजू घ्यायला माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं, आणि समोर भांडायला तुम्ही नाही. एकटीनं वाद घालण्यात काय मजा आहे?

दादा मात्र उठून अंगणात गेले. मला वाटलं, फसवल्याचा राग आला असेल. त्यांच्याशी खोटं बोलून रोज सकाळी बायको फिरून येत होती, आला असता राग तर मी समजून घेतला असता. दिवेलागणीला ते शेडमध्ये गेले आणि गाडीवरचं कव्हर काढायला लागले. एकट्यानं ते निघत नाही, म्हणून मी दुसरं टोक धरायला गेले. कव्हर घडी घालून झालं तरी ते तसेच उभे होते.

मग म्हणाले, "मने, एवढी चांगली चालवत होती तर मला का नाही गं कधी शेजारी बसवलं?"

ह्याचं उत्तर मला माहीत आहे, ताई. काल त्या शेडमध्ये उभं राहिल्यावर कळलं. मला इतकी वर्षं वाटत होतं, किल्ली मिळाली असती तर तुम्ही आम्हा सगळ्यांना फिरवलं असतंत. नसतं फिरवलं. त्या अर्ध्या तासात तुम्हाला ह्या घरातलं कोणीच नको होतं. सासूबाई नको होत्या, पोटची पोर नको होती, दादा नको होते. मीही नको होते. मॅडम चालत होत्या, कारण त्या आमच्या कोणी नव्हत्या. मला जरा लागलं हे, खोटं कशाला सांगू. पण मला जरा लागलं, त्यांना फार लागलं असतं. तो माणूस आधीच अर्धा झालाय.

"बसवणार होत्या, दादा," मी म्हटलं. "मला म्हणाल्या होत्या. पहिल्यांदा तुम्हालाच बसवणार होत्या."

त्यांनी मान हलवली आणि गाडीच्या टपावर हात ठेवला. तुमच्या तोंडी मी हे एवढं एक खोटं घातलंय. तुम्ही कधी असं म्हणाला नव्हतात. आता तुमच्या बाजूनं तेवढं सांभाळून घ्या.